राजम्याची दुसरी वाढणी

ब्रेंडाने मोबाइलवरचं उत्तर वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

उत्तर हरजोतचं होतं. इंग्लंडमधल्या बर्नलीहून निघालेल्या त्यांच्या सहलीला फेब्रुवारीत अमृतसर दाखवलं तो गाईड. सकाळी तिने त्याला मोठ्या तोऱ्यात आपल्या राजम्याचा फोटो पाठवला होता. सुके दाणे भिजवून पहाटेच स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात टाकलेले. बर्नलीतल्या बायका रविवारचं मांस असंच भांड्यात टाकून खुशाल चर्चला जातात. जन्मभर दुकानातल्या डबाबंद, आधीच शिजलेला राजमा खाल्लेल्या बाईला सुक्या राजम्याचं काय कळणार? पण फुशारकी मात्र पंजाबी सुगरणीची.

'मॅडम, कुकरच्या शिट्ट्या किती केल्या? त्या भांड्यात राजमा नीट उकळत नाही. कच्चा राजमा विषारी असतो. कुणालाही देऊ नका.'

निरोप तासापूर्वीचा होता. बाहेरच्या खोलीत सहलीतली तिघं तासाभरापासून गप्पा मारत जेवत होती: बेरिल, तिची बहीण जॉईस आणि ब्याऐंशी वर्षांचा क्लिफर्ड, ज्याच्या हृदयाच्या गोळ्या सहलभर ब्रेंडाच्याच पर्समध्ये होत्या. त्याची दुसरी वाढणी चालू होती.

ती ओट्याला धरून उभी राहिली. सांगायलाच हवं का? पोटं बिघडतील, आणखी काय? नवरा गेल्यापासून या घरात पाहुणे असे हेच. सांगितलं तर पुन्हा कोण येईल? असा विचार आपल्या मनात आला याचीच तिला भीती वाटली. ती बाहेर आली.

"थांबा. खाऊ नका. राजमा कच्चा आहे, बाधतो. चूक माझी आहे."

बेरिलने चमचा खाली ठेवला. तिच्या ताटाच्या कडेला दाणे नीट लावून ठेवलेले होते.

"कडक लागत होते खरे," ती म्हणाली. "म्हटलं, इंडियन असतं असंच."

"मी चार-पाच गिळले," जॉईस म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून."

"मग बोलायचं नाही का, बायांनो!"

"दुसऱ्याच्या घरी? असं बोलतात का कधी?"

ब्रेंडाने क्लिफर्डकडे पाहिलं. त्याचं ताट स्वच्छ होतं.

"तुला तरी कळायला हवं होतं. दोनदा घेतलास."

"पहिल्याच घासाला कळलं," क्लिफर्ड म्हणाला. "पण मी आणखी मागितलं की तू किती खूश होतेस. अमृतसरपासून बघतोय." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. कपाळावर घाम फुटला होता. "ब्रेंडा, जरा बादली देतेस?"

बादली येईपर्यंत त्याला उलटी झाली. मग दुसरी, मग तिसरी. त्याचे ओठ निळसर पडले. बहिणी त्याला दोन्हीकडून धरून बसल्या आणि ब्रेंडाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. वय, ऑपरेशनचं साल, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, तिला सगळं पाठ होतं.

"गाडी निघाली आहे," फोनवरची मुलगी म्हणाली. "त्यांना कुशीवर झोपवा. तुम्ही त्यांच्या पत्नी का?"

"नाही," ब्रेंडा म्हणाली. "मी त्यांना जेवायला बोलावलं होतं."