बावीस मिनिटे, चौदा सेकंद

दुबईच्या अल मनखूलमधल्या आमच्या चित्रपट मंडळात मला 'रिमोट' म्हणतात. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहा-सात मराठी कुटुंबे कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतात, भिंतीवर एखादा भारतीय चित्रपट पाहतात आणि चिवडा संपवतात. मुले सोबत असल्यामुळे काही दृश्ये पुढे ढकलावी लागतात. पूर्वी हे काम घाईत होई आणि बहुधा खुनाचा उलगडाच वगळला जाई. मी त्यात शिस्त आणली. चित्रपट आधी घरी पाहायचा, आणि काय वगळायचे ते वहीत सेकंदासकट लिहायचे.

सिलिकॉन ओएसिसमधल्या एका प्रयोगशाळेत मी तापमापक तपासतो. इतरांची मापे कितीने चुकतात, हे सांगण्याचा पगार घेतो. ज्याच्याशी आम्ही ती ताडून पाहतो, तो प्रमाण-तापमापकही दरवर्षी तपासणीला जातो. मला मात्र अठ्ठावन्न वर्षांत कुणी पाठवले नव्हते.

आमचा मुलगा वेदांग कोलकात्यात संख्याशास्त्र शिकवतो. या वेळी तो दहा दिवसांसाठी आला, तेव्हा माझा निष्कर्ष तयार होता: सून बंगाली. पुरावा भक्कम होता. एक तर तो फोनवर बंगालीत आणि हळू आवाजात बोलत असे. दुसरे, बोंबलाच्या वासाने घर सोडणारा हा मुलगा आता काटेरी मासा खात होता. शिवाय एक फोटो होता. आठ महिन्यांपूर्वी त्याने आईला पाठवलेला. ताटात भात, आणि काटे काढून माशाचा तुकडा त्याच्या ताटात ठेवणारा, मनगटावर जाड घड्याळ असलेला एक केसाळ हात. त्या हाताचे वर्गीकरण मी 'वाढपी' असे केले होते. फोटो काढणारी व्यक्ती म्हणजे सून, असे मानून मी मोबाइलवर बंगाली शिकू लागलो होतो. 'आपण कसे आहात' इथवर मजल गेली होती.

त्यामुळे वेदांगने मंडळासाठी बंगाली चित्रपट सुचवला, तेव्हा मी पत्नीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. मृणालिनीने माझ्याकडे पाहिले नाही. हाही पुरावाच होता. मी तो नोंदवला नाही.

शुक्रवारी सकाळी मी वही घेऊन बसलो. वेदांग शेजारी. चित्रपटात गावोगावी फिरणाऱ्या नाटकमंडळीतला एक नट होता, जन्मभर नायिका रंगवलेला. प्रयोग संपला तरी त्याला साडी उतरवावीशी वाटत नसे, कारण उतरवल्यावर जो उरे तोच त्याला सोंग वाटे. मंडळीचा जनरेटर सांभाळणारा माणूस त्याच्यासोबत राहत होता. दोघे भांडत, रात्रीचा भात सकाळी खात, म्हातारे होत. चुंबन नाही, अंगप्रदर्शन नाही. माझ्या निकषांनुसार वगळण्याजोगे काहीच नव्हते आणि तरीही माझी पेन्सिल अस्वस्थ होती. बाविसाव्या मिनिटाला जनरेटरवाल्याने माशाचे काटे काढून तुकडा नटाच्या ताटात ठेवला. नटाने मान खाली घातली. मी लिहिले: '२२:१४ ते २२:५१, पुढे ढकलणे.'

वेदांगने चित्रपट थांबवला.

"बाबा, यात ढकलण्यासारखं काय आहे?"

"संदर्भ," मी म्हणालो.

"आई सांगत होती, गेल्या महिन्यात हिरो हिरॉइनला उचलून अख्खा धबधबा चढला. ते ठेवलंस."

"ते... शारीरिक श्रमाचं दृश्य होतं."

"निकष काय, बाबा?" हा माझा प्रश्न होता. तो बारा वर्षांचा असल्यापासून मी त्याला हेच विचारत आलो होतो. "माणूस माणसाच्या ताटात मासा वाढतोय. कुठल्या निकषात बसतं हे?"

मी चष्मा काढला. अशा वेळी मी तो पुसतो.

त्याने पुसून झालेल्या चष्म्याकडे पाहिले. "उद्या तू हे ढकललंस ना, तर मी भांडणार नाही. फक्त पुढच्या वेळी दुबईत हॉटेलात उतरेन. खलास." एवढे बोलून तो खोलीत गेला.

पडद्यावर तो तुकडा आणि ती बोटे थिजून राहिली होती. मी मोबाइल काढून आठ महिन्यांपूर्वीचा फोटो उघडला. मग स्वयंपाकघरात गेलो.

"मृणालिनी, हा वाढपी..."

"वाढपी!" तिने गॅस बंद केला. "एवढं महागाचं घड्याळ घालून कुठला वाढपी गिऱ्हाइकाचे काटे काढत बसतो हो? मी रोज बघते तो फोटो. आठ महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नमुन्यांची संख्या विचारली असतीत."

असती. हे मला नाकारता आले नाही.

शनिवारी आम्ही राजाभाऊंच्या घरी जमलो. राजाभाऊ मंडळाचे संस्थापक. त्यांना शांतता सहन होत नाही. "यल्ला, रिमोट, चला! वही आणलीय ना? पोरं बसलीयत."

"आणलीय."

वेदांग दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, उठून जायला सोयीच्या जागी. मी वही मांडीवर उघडली. एकवीस मिनिटे झाली, बावीस झाली. अंगठा बटणावर होता. दहा, अकरा, बारा. तेरा. चौदा. जनरेटरवाल्याने काटे काढले, तुकडा वाढला, नटाने मान खाली घातली. मी बटण दाबले नाही. याचे श्रेय धैर्याला द्यावे की घामाने अंगठा निसटला याला, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

तेवढ्यात राजाभाऊंच्या बारा वर्षांच्या मैथिलीने विचारले, "डॅडी, आर दे ब्रदर्स?"

"हो, हो, भाऊच आहेत," राजाभाऊ चटकन म्हणाले. "सख्खे."

सगळ्यांनी सुटकेने चिवडा घेतला. मला काही बोलायची गरज नव्हती. चूक माझी नव्हती, वही माझी होती, आणि वहीत काय लिहिले होते ते वेदांगला ठाऊक होते. त्याने खुर्चीच्या हाताला धरून उठण्याची तयारी केली.

"भाऊ नाहीत," मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. नवरा-बायकोचं असतं तसं."

"अहो रिमोट!" राजाभाऊ कुजबुजले. "काय हे?"

"माहिती चुकीची जाऊ नये, एवढंच."

"ओके," मैथिली म्हणाली आणि पुढे पाहू लागली. माहिती पचवायला तिला दोन सेकंद लागले. मला लागलेला वेळ मी येथे देत नाही. राजाभाऊंनी पुढे तासभर शांतता सहन केली. चित्रपट संपल्यावर रिमोट मात्र त्यांनी माझ्या हातून स्वतःच्या खिशात घेतला, आणि पुढच्या महिन्यापासून ही जबाबदारी 'फिरती' असेल असे जाहीर केले.

वेदांग शेवटपर्यंत बसला होता.

परतताना गाडी मी चालवत होतो. ऊद मेथाच्या सिग्नलला मी आरशात पाहत विचारले, "त्या वाढप्याचं नाव काय?"

शेजारच्या सीटवर मृणालिनीने कपाळाला हात लावला. मागे वेदांग इतका हसला की सिग्नल हिरवा झाल्याचे मला कळलेच नाही आणि मागच्या गाडीला हॉर्न द्यावा लागला.

"दीप्तार्क. हाडांचा सर्जन आहे, बाबा."

"तरीच. बोटांची पकड व्यावसायिक होती."

"हे तुला आत्ता दिसलं?"

"नोंद तेव्हाच झाली होती. वाचन चुकलं."

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "पुढच्या वेळी दोघं आलो तर?"

अशा जोडप्यांबाबतचा इथला कायदा मला ठाऊक होता, त्यालाही होता. "इथे नको," मी म्हणालो. आरशात त्याचा चेहरा बदलताना दिसला, म्हणून वाक्य घाईने पूर्ण केले. "इथे तुम्हाला सारखं जपून राहावं लागेल. आम्हीच येतो कोलकात्याला. डिसेंबरात. हॉटेलात नाही उतरणार, तुमच्याकडेच. फक्त एक अडचण आहे. मला काट्यांची भीती वाटते."

"तो काढून देईल," वेदांग म्हणाला.