दहा मीटरवर

“मॅडम, अब पानी को भूल जाइए,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खोलीतला दिवा लावला.

देवयानीच्या डाव्या डोळ्याचा पडदा गेल्या वर्षी सुटला होता. शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याला जेमतेम उजेड कळे. आता उजव्याचाही पडदा विरत चालला होता. इतकी वर्षे दहा मीटर उंचावरून सूर मारताना पाण्यावर आदळून आदळून हे झाले होते. आणखी एखादा दणका, की तोही डोळा जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

दिल्लीतल्याच द्वारकेला घरी परतताना तिचा नवरा उल्हास गाडी चालवत होता. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती, तीही दिल्लीतच. सूर मारण्यातले सुवर्णपदक कित्येक वर्षे देवयानीने कुणाला मिळू दिले नव्हते.

“मला डॉक्टरपुढच्या खुर्चीत बसून रिटायर नाही व्हायचं,” ती म्हणाली. “पाण्यातून बाहेर येऊन व्हायचंय.”

“मी नको म्हणणार नाही,” तो म्हणाला. “पण यार, त्यानंतरही रोज सकाळी तुला मी दिसायला हवा.”

पुढे दोघांनीही विषय काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिचे सूर इतके सरळ उतरले की पाणी उडाल्यासारखे वाटलेच नाही. ती आघाडीवर होती. शेवटचा एकच सूर राहिला असताना ती पाण्यातून वर आली आणि उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. काठ धरायला गेलेला तिचा हात हवेतच फिरला. गुणवंत सरांच्या नजरेतून ते सुटले नाही. पुण्यात लहानपणापासून तिला शिकवणारे सर म्हातारपणी केवळ तिच्यासाठी दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहिले होते आणि त्यांनाच तिने दुसऱ्या डोळ्याचे सांगितले नव्हते.

“कधीपासून?” सरांनी विचारले.

“सर, एकच राहिलाय.”

सरांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. “तू वर घाबरून उभी राहायचीस, तेव्हा मी खालून ‘मार’ म्हणून ओरडायचो. आज ओरडणार नाही. अडवणारही नाही.”

ती वर गेली. खाली पाण्यावर फवारे चालू होते. त्यांनी उठणाऱ्या लहरींवरूनच वरच्याला अंतर समजते. तिला नुसता निळा रंग दिसला. लहर दिसेना. शिट्टी झाली, गॅलरी शांत झाली. हा सूर तिचे अंग डोळे मिटूनही मारू शकले असते. तिने गॅलरीत उल्हासला शोधले. ठिपक्यांच्या त्या गर्दीत कुठला ठिपका त्याचा, ते तिला कळले नाही.

तिने पंचांच्या दिशेने हात वर केला आणि ती सूर न मारताच मागे जिन्याकडे वळली.

शून्य गुण पुकारले गेले. जिन्यात पुढच्या मुली रांगेने उभ्या होत्या. या जिन्याने देवयानी नेहमी वरच गेली होती. खाली यायची तिची वाट पाण्यातून. कठडा धरून, ओल्या पायऱ्या पायाने चाचपत ती उतरू लागली. सगळ्यात पुढे दुसऱ्या क्रमांकावरची उत्तरा होती. सुवर्णपदक आता तिच्याकडे जाणार होते. तिने हात पुढे केला नाही, काही विचारलेही नाही. देवयानीला वाट देत ती भिंतीला अंग चोरून उभी राहिली, आणि तिच्यामागची प्रत्येक मुलगी तशीच.