इलोनाचा जिल्हा

बुद्धभूषणच्या शेजारचे लायोश आजोबा मूळचे हंगेरीचे, पन्नास वर्षं इथे कॅनडात, विनिपेगमध्ये राहिलेले. २००७च्या जानेवारीत त्यांची बायको इलोना गेली. थडग्याच्या दगडावर कोरायचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: जन्म १९१७, फेकेतेआर्दो, उगोचा जिल्हा.

दफनभूमीच्या ऑफिसातल्या बाईंनी कागद परत केला. "सिस्टीममध्ये असा जिल्हाच नाही. आम्ही युक्रेन लिहू."

"ती युक्रेनमध्ये जन्मली नाही," आजोबा शांतपणे म्हणाले.

परतताना बुद्धभूषण गाडी चालवत होता आणि आजोबा सांगत होते. तिसा नदीच्या दोन्ही काठांवरचा, तेव्हाच्या हंगेरीतला चिमुकला जिल्हा. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेचा चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिणेचा रुमानियाला. पुढे इलोनाचं गाव काही वर्षं परत हंगेरीत, मग रशियनांकडे, आता युक्रेनमध्ये.

"सरकारं बदलली. तिनं मात्र मरेपर्यंत उगोचाच सांगितलं."

बुद्धभूषणचे वडील औरंगाबादचे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. नावासाठी माणसं काय काय सोसतात, हे तो घरातच पाहून मोठा झाला होता.

"हे मी सोडणार नाही," रात्री जेवताना तो बायकोला, मृणालला म्हणाला.

"मग शनिवारची ग्रोसरी मी करते. तू लायब्ररीत जा."

तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत १९१०च्या सुमाराचा नकाशा सापडला. नदी, तिच्या काठी फेकेतेआर्दो आणि वर ठळक अक्षरांत उगोचा. त्यानं प्रत काढली, शेजारी आजचा नकाशा चिकटवला, इलोनाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि आजोबांना घेऊन थेट मॅनेजरसमोर बसला.

मॅनेजरनं बराच वेळ दोन्ही नकाशांवर बोट फिरवलं. "आमचा नियम फक्त एवढाच की जागा खरी हवी," तो शेवटी म्हणाला. "ही खरी आहे." त्यानं कागदावर सही केली.

हिवाळ्यात गोठलेली जमीन मऊ झाल्यावर, मे महिन्यात दगड बसला. आजोबांनी वाकून एकेक अक्षर बोटानं तपासलं. स्पेलिंग बरोबर होतं.

"माझं गाव नदीच्या दक्षिणेला," ते उठत म्हणाले. "ते आता रुमानियात आहे. माझ्या वेळी परत भांडावं लागेल."

"भांडू," बुद्धभूषण म्हणाला. "पण आजोबा, तुमचा दाखला आत्ताच काढून ठेवा."

संध्याकाळी आजोबा दाखला घेऊन त्याच्या दारात उभे होते.