आतल्या खोलीतलं टेबल

ठमीला वसतिगृहात ठेवायचं नाही, हे आईनं तिचा निकाल लागायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेली बाई; स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडत नसे. बाबांचं पडदे शिवायचं दुकान. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." कॉलेजपासून दहा मिनिटांवर तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं. विकणारे गृहस्थ अबोल होते. घासाघीस न करता त्यांनी सह्या केल्या. आतल्या खोलीतलं टेबल भिंतीतच बसवलेलं होतं, ते तेवढं मागे राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात ठमीचा फोन आला. "आई, तू येऊन गेलीस का गं?"

"मी कशाला येईन?"

"माझी पुस्तकं कुणीतरी नीट लावून ठेवलीत. टेबलावर पाण्याचा पेला आहे, झाकलेला."

"तूच ठेवला असशील. तुझं डोकं कुठे जागेवर असतं?"

बाबा हसले. "भूत असेल तर कामसू दिसतंय. आपल्या घरी पाठव म्हणावं."

पण पेला रोज दिसू लागला. ठमीचं हसणं बंद झालं, तशी आईनं रजा टाकली आणि बस धरली.

दुसऱ्या दिवशी ठमी कॉलेजला गेल्यावर आई स्वयंपाकघरात दबा धरून बसली. सव्वादोन वाजता दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

एक बाई आत आली. आईच्याच वयाची, केस व्यवस्थित विंचरलेले. दारात चपला काढल्या, जणू घर तिचंच. तिनं पेला भरला, झाकला, टेबलावर ठेवला. मग पलंगाच्या कडेवर बसून रिकाम्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाली, "तू वाच. मी बोलत नाही."

आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, तर बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. परीक्षा आहे तिची."

खरेदीच्या कागदांवर त्या गृहस्थांचा नंबर होता. आईनं फोन लावला. अर्ध्या तासात ते आले, शर्टाची बटणं चुकीची लावलेली.

"माझी बायको," ते मान खाली घालून म्हणाले. "आमच्या मुलीसाठीच घेतलं होतं हे घर. दुसऱ्या वर्षाला होती. ताप अंगावर काढला तिनं. आम्ही काळजी करू म्हणून सांगितलं नाही. आम्ही आलो तेव्हा ती या टेबलावर डोकं ठेवून..." ते टेबलाकडे पाठ करून उभे राहिले. "वाटलं, घर विकलं की हिचं येणं सुटेल. मी किल्ली काढून घेतली होती. हिनं दुसरी करून ठेवली असणार."

आईनं हात पुढे केला. बाईनं निमूटपणे किल्ली दिली आणि विचारलं, "मग पाणी कोण ठेवेल?"

गृहस्थ तिच्या चपला उचलून पायांपाशी ठेवेपर्यंत ती खुर्चीकडेच बघत होती.

संध्याकाळी कुलूप बदललं. बाबा फोनवर म्हणाले, "विकून टाकू." ठमीनं ठाम नकार दिला. "बिचारी बाई आहे ती. मला नाही भीती वाटत."

भीती आईला वाटत होती. दोन दिवसांची रजा तिनं महिन्यावर नेली. ठमी टेबलाशी वाचायला बसली, की ही पलंगाच्या कडेवर येऊन बसायची. ठमीनं मान जरा टेकवली, तरी हिचा हात कपाळावर. ठमी शिंकली, तर ही ताटावरून उठायची. सव्वादोन वाजले की आई दाराकडे बघत राहायची. किल्ली फिरत नसे. तरी नजर हलत नसे.

एका दुपारी ठमीनं पुस्तक मिटलं.

"आई, मी आहे."

"हो गं. नाही कोण म्हणतंय?"

"तू माझ्याकडे मी नसल्यासारखी बघतेस. जा ना घरी. बारीकसं काही झालं तरी सांगेन. शप्पथ."

आईला हुंदका आवरला नाही. ठमीनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. आई बऱ्याच वेळानं शांत झाली.

दुसऱ्या दिवशी ठमी तिला थांब्यावर सोडायला आली. दोन बस आईनं गर्दी आहे म्हणून सोडल्या. तिसरी रिकामीच होती. काहीच निमित्त उरलं नाही, तेव्हा ती चढली. खिडकीशी बसली, आणि बस वळेपर्यंत ठमीकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही.