सहा कवड्यांतले नऊ

तिरोड्याच्या आमच्या बिडी कारखान्यात सकाळ कौलांतून उतरते. पूर्वेच्या उतारावरची तीन कौले कधीकाळी माकडांनी सरकवली, ती कोणी नीट बसवली नाहीत, आणि त्या फटींतून ती आत येते: आधी राखेच्या रंगाची, मग फिकट केशरी, आणि मग एकाएकी इतकी स्वच्छ की हात पुढे केला तर बोटांना लागेल. तंबाखूची बारीक धूळ तिच्यात तरंगत राहते. उजेड प्रथम भिंतीशी रचलेल्या तेंदूपत्त्याच्या पोत्यांवर पडतो, तिथे बराच वेळ थांबतो, आणि मग ओळीने बसलेल्या माणसांच्या मांडीवरच्या सुपांत शिरतो. एका सुपातून दुसऱ्या सुपात तो इतका संथ सरकतो, की पतिरामच्या सुपातून निघून फुलवंताच्या सुपात पोहोचेपर्यंत माझे वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून संपलेले असते. वाचताना मान वर करायची वेळ आली तर मी त्या उजेडाकडे पाहतो. माणसांकडे पाहणे मला अजून साधलेले नाही.

मी या कारखान्यातला वाचक. माझ्या बोटांना बिडी कधी वळता आली नाही. पान फाटे, तंबाखू सांडे, दोरा सुटे. तेव्हा या मंडळींनीच ठरवले की मास्तरने वाचावे, आणि त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळून टाकाव्यात. माझ्याकडून त्यांची अट एकच होती: कागदावर असेल तेच वाचायचे, पदरचे काही घालायचे नाही. चार वर्षे मी ती पाळली. त्यांना माझा आवाज रोज तीन तास ऐकू येई. माझे बोलणे मात्र त्यांनी फारसे ऐकलेले नव्हते.

सन शेहेचाळीसच्या त्या नोव्हेंबरात माझ्याजवळ एक गुपित होते. मंगळवारी संध्याकाळी मुंबईच्या नभोवाणी केंद्रावरून जी श्रुतिका झाली, ती मी लिहिली होती. नाव टोपण होते, म्हणून कोणाला कळले नाही. श्रुतिकेत एक प्रोफेसर अग्निबाणात बसून शनीच्या कड्यांपर्यंत जातो. तिथे कालकेतू नावाचा सम्राट राहतो. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पचिशी खेळायला बसवतो, आणि हरणाऱ्याचा ग्रह विझवून टाकतो. प्रोफेसर पृथ्वी पणाला लावतो, आणि अखेरच्या दानाला जिंकतो. दोन वर्षे मी तिच्यावर घालवली होती. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर एकटा बसून मी तिचे एकेक वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले होते.

कारखान्याचे मालक मुन्नालाल शेठ यांनी आपला रेडिओ त्या दिवशी कारखान्याच्या पडवीत आणून ठेवला होता. मी खांबाआड उभा होतो. अर्धा तास एकही माणूस खोकला नाही. सारे खाली वाकून, श्वास रोखून बसले होते. माझ्या शब्दांनी माणसे अशी वाकलेली पाहून मला त्या रात्री जेवण गेले नाही.

शुक्रवारी केंद्राचे पत्र आले. आपल्या भागातल्या श्रोत्यांची मते सोबतच्या कागदावर लिहून, त्यांच्या सह्यांनिशी, लवकर पाठवावीत. ती अनुकूल असल्यास आपली दुसरी श्रुतिका घेऊ. दुसरी श्रुतिका माझ्या पेटीत तयार होती. टपाल दुपारच्या गाडीने जाणार होते. शनिवारी सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी तो कागद पुढे घेतला.

"मुंबईच्या केंद्राला मंगळवारच्या श्रुतिकेवर तुमची मते हवी आहेत," मी उजेडाकडे पाहत म्हणालो. "पहिला प्रश्न: विषय कसा वाटला?"

"बेस होता जी," फुलवंता म्हणाली. कारखान्यातली सर्वांत भराभर बिडी वळणारी बाई. तिची जीभही हाताइतकीच चाले. "पन मले एक सांगा, तो परफेसर सात वरस जाऊन राहिला होता न? मंग त्यानं शिदोरी काऊन नाई नेली?"

"ती वैज्ञानिक कथा आहे, फुलवंताबाई."

"म्हनून उपाशी राहाचं?"

ओळ हसली. मी लिहिले: विषय पसंत.

"अन् तो अगनबान उतरला कुठं?" मुकादम शालीकराम दारातून म्हणाला. तयार बिड्या तपासताना सदोष बिडी काढून फेकायची त्याची सवय होती, आणि तो मतेही तशीच देत असे. "शनीले जमीन नाई. आपल्या पोथीत हाय."

"दुसरा प्रश्न," मी घाईने म्हणालो. शिदोरी! जमीन! मनुष्याच्या नियतीविषयी मी एक संपूर्ण संवाद लिहिला होता, ताऱ्यांच्या एकाकीपणावर एक स्वगत लिहिले होते. त्याबद्दल कोणी ब्र काढत नव्हते. "खलनायक कसा वाटला?"

"मले त त्याची कीव आली," फुलवंता म्हणाली.

"कीव? त्याने अकरा ग्रह विझवले आहेत!"

"त विझवले असन. पन एवढा मोठा मुलुख, अन् खेळाले कोनी नाई. कोनी दारी आला का, 'बसा जी, बसा जी' करून राहिला. माह्या सासऱ्याचं असंच होतं शेवटी. पोट्ट्यायले पेरू देऊन बसवे पटावर."

कालकेतूची श्रोत्यांना दहशत वाटावी म्हणून मी त्याचा आवाज मृदू ठेवला होता. तो मृदुपणा इथे पेरूपर्यंत येऊन पोहोचला होता. मी दात आवळून लिहिले: खलनायक प्रभावी.

"आता शेवटचा. श्रुतिकेचा शेवट कसा वाटला?"

कात्र्या थांबल्या. सर्वांनी पतिरामकडे पाहिले. पतिराम नागझिऱ्याच्या बाजूचा, जंगलातल्या वस्तीतला म्हातारा. पावसाळ्यात त्यांच्याकडे पचिशीचे डाव तीन-तीन दिवस चालत, आणि त्याला हरवलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. त्याने हातातली बिडी दोऱ्याने बांधली, नखाने टोक दुमडले, आणि मगच तोंड उघडले.

"खोटा."

"म्हणजे?"

"राक्षस हरलाच नाई. तुमी खांबाआड होते, तुमाले दिसलं नसन. आमी कोळशानं पट आखला होता पडवीत. रेडिओतून दान पडलं का आमी सोंगटी चालवत होतो."

तेव्हा मला कळले की त्या संध्याकाळी ती माणसे कशावर वाकली होती.

"सुरवातीले सारं बराबर," पतिराम म्हणाला. "दोन, पाच, पंचवीस. परफेसरची शेवटची सोंगटी घराले नऊ घरं दूर. त्यानं कवड्या टाकल्या, सहा कवड्या, राक्षसानंच मोजून देल्ल्या. अन् दान पडलं नऊ."

"मग?"

"सहा कवड्यांत नऊ कसे पडन, मास्तर?"

त्याने माझ्यासाठी नव्हे, तर जणू त्या लांबच्या लेखकासाठी, बोटे उघडली. "दोन उलट्या त दोन. तीन त तीन. चार, पाच. साऱ्या उलट्या त सहा. एक उलटी त दहा. एकबी नाई त पंचवीस. नऊ कुठून आनले त्यानं?"

"घरून!" फुलवंता म्हणाली, आणि पुन्हा ओळ हसली.

"रेडिओला खरखर होती," मी म्हणालो. "तुम्ही चुकीचे ऐकले असेल."

"बारा जनांनी चुकीचं ऐकलं?"

"नऊ हे प्रतीक आहे, पतिरामजी. नवग्रह. नऊ ग्रह मिळून पृथ्वीला वाचवतात, असा त्याचा अर्थ." हा अर्थ मला त्याच क्षणी सुचला होता. 'नऊ' मी निवडले होते ते केवळ उच्चारासाठी. त्या वाक्याच्या शेवटी 'चार' कोरडे वाटत होते आणि 'दहा'ला उसासा नव्हता.

"मंग ग्रहायच्या भरोशावर बसाचं होतं. पट कायले मांडला? लिहा तुमी: शेवट खोटा हाय. सहा कवड्यांत नऊ पडत नाई. ज्यानं लिहिलं त्याले खेळ येत नाई."

मला संताप आला. या माणसांसमोर शनीची कडी उभी करावी आणि त्यांनी कवड्या मोजाव्यात! मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले: शेवट अत्यंत परिणामकारक, श्रोते भारावून गेले.

"आता दाखवा वाचून," पतिराम म्हणाला, "मंग आंगठा देतो."

मी कागद डोळ्यांसमोर धरला. उजेड आता फुलवंताच्या सुपातून पुढे गेला होता. आणि चार वर्षांत प्रथमच, कागदावर नसलेले मी वाचले. "शेवट खोटा आहे. सहा कवड्यांत नऊ पडत नाहीत. लिहिणाऱ्याला खेळ येत नाही."

"हं," पतिराम म्हणाला. त्याने शाई लावलेला अंगठा माझ्या 'भारावून गेले' या शब्दांच्या अगदी खाली, काळजीपूर्वक, जरा दाबून उमटवला. मग फुलवंतानेही दिला. शाई पुसत ती म्हणाली, "अन् शालीकरामजी, तुमी नोका आता शनीची जमीन मोजू, सही करा." शालीकरामने सही केली. त्याला वाचता येत होते, पण मास्तरच्या कागदाची तपासणी त्याने कधीच केलेली नव्हती.

कागद घडी घालण्यासारखा झाला होता. मला फक्त उठून टपालाच्या पेटीपर्यंत जायचे होते. मी बसून राहिलो. त्या अंगठ्याच्या बारीक रेषा ओल्या होत्या आणि माझ्या सुंदर अक्षरात पसरत होत्या.

"द्या इकडे," मी म्हणालो, जरी कागद माझ्याच हातात होता. मी शेवटची ओळ खोडली, एकदा, मग जाड करून दुसऱ्यांदा, आणि समासात पतिरामचे शब्द त्याच्याच बोलीत लिहिले.

"काऊन खोडलं जी?" फुलवंताने विचारले.

"आधी वाचले ते लिहिलेले नव्हते," मी म्हणालो. "आता आहे."

मला वाटले, आता वाचकाचे काम गेले. आणि हा कागद मुंबईला पोहोचला की दुसरी श्रुतिकाही गेली. पतिरामने मात्र कमरेची चंची सोडली. तंबाखूच्या घडीतून सहा कवड्या निघाल्या. त्याने त्या जमिनीवर, उजेडाच्या पट्टीत ठेवल्या.

"त्या लिहिनाऱ्याचं एक वाक्य मले आवडलं होतं," तो म्हणाला. "राक्षस म्हनते न, 'ज्याच्या दारी कोणी बसत नाही, त्याला हरणेही गोड वाटते.' हे त्यानं कुठून आनलं, ते समजलं मले. नऊ तेवढे नाई समजले." मग कवड्या माझ्याकडे सरकवून, "टाका. जेवनाच्या सुट्टीत चौथा गडी पाहिजेच हाय. एवढे नवग्रह सांगून राहिले, खेळ त येतेच असन तुमाले?"

कवड्या गार होत्या. लहानपणापासून मी किती ओसऱ्यांच्या कडेला उभा राहून पचिशी पाहिली होती, हे मी स्वतःला अनेकदा सांगत आलो होतो; लिहिताना तेच सांगितले होते, आणि आत्ताही तेच ओठांवर आले होते.

"नाही," मी म्हणालो. "मला पचिशी येत नाही. मी कधी कोणाबरोबर खेळलोच नाही."