लोण्याचा देश

टेबलाखाली टक् करून काहीतरी वाजलं, तेव्हा कुठे लाइस्बेटच्या लक्षात आलं की हातातल्या कुंचल्यावरचा हिरवा रंग वाळून गेला आहे.

पाच वर्षांची हिले टेबलाखाली बसून रंग कालवायचे रिकामे शिंपले एकात एक रचत होती. त्यातला एक निसटून लाद्यांवर पडला होता. फुटला नव्हता. तिने तो झग्याला पुसला, मान वर करून आईकडे पाहिलं आणि आई रागावत नाही असं बघून पुन्हा कामाला लागली.

सकाळीच ॲम्स्टरडॅमहून नकाशांचा नवा गठ्ठा आला होता. छापील कागदांवर किनाऱ्यांच्या कडेने रंग भरायचा आणि समुद्र कोरा ठेवायचा, हे लाइस्बेटचं लग्नाआधीपासूनचं काम. तिचा नवरा वाउटर पहिल्या सफरीत दक्षिणेचा जो समुद्र धुंडाळून आला, त्याचा नकाशाही गेली दोन वर्षं तिच्याच हाताखालून जात होता. त्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, डावाच्या वाटीसारखी, एक खाडी होती. हिलेची खाडी. पूर्वेकडच्या बेटांवर, बटाव्हियाच्या बंदरात वाउटरला मुलगी झाल्याचं पत्र मिळालं, आणि पुढे महिन्याभराने जो किनारा दिसला त्याला त्याने तिचं नाव दिलं. हिलेला वाचता येत नव्हतं. पण नवा गठ्ठा आला की ती पहिल्या कागदावर आपल्या खाडीत बोट ठेवायची, आणि मगच आई रंगाला हात घालायची.

आज आईने तिला बोलावलं नव्हतं. नव्या कागदावर खाडी नव्हती.

ती कशी गेली हे लाइस्बेटला कुणी समजावून सांगायला नको होतं. नकाशा छापायच्या तांब्याच्या पत्र्यावरची रेघ घालवायची तर पत्रा मागून ठोकतात आणि पुढून घोटतात. कितीही घोटला तरी जुन्या रेघेची सावली थोडी उमटतेच. कागद खिडकीकडे तिरका धरला की ती दिसत होती. सोबतच्या चिठ्ठीत नकाशेवाल्याने लिहिलं होतं, की दुसऱ्या एका जहाजाने स्वच्छ हवेत तीन दिवस त्या जागेवरून ये-जा केली. जमीन दिसली नाही. खोली मोजायला दोरीने सोडलेल्या शिशाला तळही लागला नाही. तरी खालचा कोपरा कोरा सोडावा.

वाउटर दुसऱ्या सफरीवर निघाला त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि तो निघाला होता त्याच कोपऱ्याकडे. आफ्रिकेच्या टोकाला, केपला थांबायचं, तिथून सरळ पूर्वेला जायचं, हिलेच्या खाडीत गोडं पाणी भरायचं आणि मग पुढे, असं त्याने जहाजाच्या मालकांना लिहून दिलं होतं. म्हणून पाण्याची पिंपं निम्मीच घेतली होती. उरलेल्या जागेत शिधा आणि माणसं. नव्वद माणसं होती जहाजावर.

तिने शेजारणीकरवी ओबेकाकांना निरोप धाडला.

ओबे पहिल्या सफरीत वाउटरच्या हाताखालचा पहिला माणूस. गुडघा निकामी झाला म्हणून या खेपेला गावात, एन्कहाउझेनमध्येच राहिलेला. तो नेहमीसारखाच धुरावलेली वाम मासळी फडक्यात गुंडाळून आला आणि दारात लाकडी बूट काढताना कुरकुरला, की या गावातल्या बायका लाद्या इतक्या घासतात की म्हाताऱ्यांनी पाय घसरून मरावं हाच त्यांचा बेत असणार. लाइस्बेटने हसण्याचं नावही घेतलं नाही. त्याच्यापुढे बिअर ठेवली, कागद सरकवला, चिठ्ठी वाचून दाखवली.

ओबेने दाढी खाजवली.

"लोणी," तो म्हणाला.

धुक्याच्या पट्ट्याला खलाशी लोण्याचा देश म्हणतात. लांबून कडे दिसतात, डोंगर दिसतात, झाडंसुद्धा दिसतात. ऊन चढलं की सगळं वितळून जातं. एन्कहाउझेनच्या शेंबड्या पोरांनाही हा शब्द ठाऊक असतो.

"हे तुम्ही तेव्हा बोलला होतात?"

"मीच होतो ना डोलकाठीपाशी, पोरी. म्हटलं, कप्तान, लोणी आहे, जरा ऊन वर येऊ दे. तर म्हणाला, ओबे, ही खाडी आहे आणि हिचं नाव हिले."

"हसत म्हणाला?"

ओबेने आठवून पाहिलं. त्याची पाठ होती आपल्याकडे, असं तो म्हणाला. मग म्हणाला, की आपण हट्ट धरायला हवा होता; पण ज्याने लेकीचं तोंडही पाहिलेलं नाही अशा बापाशी तिच्या नावावरून कोण वाद घालणार.

लाइस्बेटने पेटीतून वाउटरचं केपहून आलेलं पत्र काढलं. तोंडपाठ असलेलं पत्र आज ती पहिल्यांदाच पिंपांसाठी वाचत होती. हिलेचा दात हलायला लागला का, शेगडीचा धूर अजून घरात येतो का, तुझ्या हातच्या वाटाण्याच्या रश्शाची आठवण येते. पिंपांबद्दल एक अक्षर नव्हतं.

टेबलाखालून हिलेचा आवाज आला.

"काका, बोटांवर काय मोजताय?"

"तुझे दात," ओबे म्हणाला आणि मूठ मिटून हात वर घेतला.

निम्म्या पिंपांवर किती आठवडे निघतील, तेच तो मोजत होता. लाइस्बेटनेही मनात तेच मोजून पाहिलं होतं.

"काका, शिसं सोडलं होतं तिथे?"

"नाही गं. दोनदा सांगितलं मी. वारा चांगला आहे, थांबायचं कशाला, म्हणाला. दुपारी तर आम्ही तिथून निघालोसुद्धा."

लाइस्बेट उठली. रंग ओघळून वाया गेलेला एक जुना कागद तिने हिलेसाठी म्हणून कपाटात ठेवला होता, तो तिने काढला आणि खाडीच्या तोंडाशी नख टेकवलं.

"मग हे काय आहे?"

तोंडापासून आतपर्यंत पाण्याच्या खोलीचे, मुंगीएवढे तीन आकडे होते. नऊ, सात, पाच. नऊ वाव पाणी, सात वाव, पाच. आणि शेवटी, तळ वाळूचा. गेली दोन वर्षं लाइस्बेट या आकड्यांना धक्का न लावता त्यांच्याभोवती हिरवी कड काढत आली होती.

ओबेने कागद नाकापाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"शिसं न सोडता तळ वाळूचा," तो म्हणाला. कागद त्याने उलटा करून ठेवला. "माणसं दारू पितात, लाइस्बेट. दोन बंदरांत दोन बायका करतात. पण आकडा खोटा लिहीत नाही कुणी. मागून येणाऱ्याचा जीव असतो त्यावर."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं."

ओबेने उलट्या कागदावर तळहात ठेवला.

"खाडी नाही हे त्याला ठाऊक होतं, काका. मग केपला त्याने पिंपं वाढवून घेतली असणार. कुणाला न सांगता. असणार की नाही?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते.

"असणार," तो शेवटी म्हणाला. "घेतली असणार."

त्याच्यापुढची बिअर तशीच राहिली. टोपी घालून तो निघून गेला.

लाइस्बेटने वाळलेला रंग पाण्याच्या थेंबाने कालवला, कुंचला टोकदार केला आणि वरच्या किनाऱ्यापासून सुरुवात केली. हात हलका चालत होता. दोन कागद झाल्यावर आपण काहीतरी गुणगुणतोय हे ध्यानात येऊन ती थांबली, ओठ मिटले, आणि तिसरा कागद ओढला. खालचे कोपरे ती कोरे सोडत होती.

हिले टेबलाखालून बाहेर आली. आईच्या कोपराखालून तिने कागदावर बोट नेलं, कोपऱ्यात इकडेतिकडे फिरवलं.

"माझी खाडी काढून टाकली?"

"नव्हतीच गं तिथे, राणी."

"आधीपण नव्हती?"

"आधीपण नव्हती."

"बाबांना माहीत होतं?"

"हो," लाइस्बेट म्हणाली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "होतं बाबांना माहीत. म्हणून तर काळजी नाही."

हिले विचार करत राहिली. बोट तिने कोऱ्या जागेवर तसंच टेकवून ठेवलं होतं.

"मग बाबा गेलेत कुठे?"