एकटा हॉथॉर्न आणि डिम्फनाची करवत

मित्रांनो, आयर्लंडमधील स्लायगोच्या उतारावर, डिम्फनाच्या बागेत उभा असलेला मी एक म्हातारा हॉथॉर्न, पांढऱ्या फुलांचे काटेरी झाड. जोपासना म्हटली की तुम्हांला पाण्याची झारी आठवत असेल; माझी जोपासना मात्र कोयत्याने सुरू झाली. डिम्फनाच्या वडिलांनी मला कुंपणाच्या ओळीत लावले आणि त्याच दिवशी वीतभर बुंधा ठेवून सारा शेंडा उडवला. त्या क्रौर्याचा अर्थ मला वसंतात उमगला. जखमेखालून फांद्या फुटल्या आणि आम्ही भावंडे इतकी दाट झालो, की मुसंडी मारणारा बैलही रक्तबंबाळ होऊन मागे फिरे.

वडील गेले. डिम्फनाच्या धाकट्या भावाने, फर्गलने, यंत्र आणून माझी भावंडे मुळांसकट उपटली, चिरडली. कोपऱ्यातला मी तेवढा उरलो. आणि उरलो म्हणूनच पवित्र ठरलो. इथले लोक मानतात, की एकट्या हॉथॉर्नखाली ‘ती भली मंडळी’ राहतात; डिवचले तर घरावर संकट आणणारी, डोळ्यांना न दिसणारी. त्यांचे खरे नाव कुणी घेत नाही, त्यांच्या झाडाला कुणी पाते लावत नाही. लोक टोपी काढून पुढे जात. वेलाने माझा गळा आवळला, तोही कुणी तोडला नाही. मग जळका रोग आला. कोवळे शेंडे आगीतून काढल्यासारखे काळे पडले, आकड्यासारखे वळले. पलीकडेच डिम्फनाची सफरचंदाची झाडे होती, आणि हा रोग त्यांनाही लागतो.

एका कोरड्या सकाळी ती करवत घेऊन आली. फर्गल धावत आला.

“ताई, ठेव ती करवत! घरावर काय ओढवून घेतेस?”

“रोग दारात आलाय. सरक.”

“मरायचं तर मरू दे त्याला आपल्या मरणानं. तू हात लावू नकोस!”

“याची भावंडं चिरडलीस, तेव्हा नाही आठवली ती मंडळी?”

“ती कुंपणातली होती. हा एकटा आहे.”

“एकटा कुणी केला रे, शहाण्या?”

त्याने करवतीवर झडप घातली. तिने खांद्याने धडक दिली, तसा तो माझ्या काट्यांत कोसळला. कानापासून हनुवटीपर्यंत गाल फाटला. मूठ उगारून तो उठला. तिने त्या मुठीकडे पाहिलेही नाही. काळ्या भागाच्या बऱ्याच खाली तिने करवत लावली. प्रत्येक कापानंतर ती पाते स्पिरिटने पुसत होती. माझा भुसा आणि त्याचे रक्त एकाच मातीत पडत होते. शेवटची थोरली फांदी अर्धी कापली गेली आणि स्वतःच्याच भाराने कडाडली. ती खोडाची साल सोलत खाली येऊ लागली. साल मुळापर्यंत सोलली असती, तर मी संपलो असतो.

“फर्गल!” ती किंचाळली.

उगारलेली मूठ उघडली आणि फांदीखाली गेली. शिव्या देत, रक्त गाळत त्याने तो भार तोलून धरला. मग माझ्या मुळांकडे पाहून तो घाईघाईने पुटपुटला, “मी कापत नाहीये हां. नुसती धरलीय.”

रोगट फांद्या त्या दोघांनीच जाळल्या.

या मे महिन्यात माझी एकच बाजू फुलली आहे. दुसरीकडे नुसते थोटूक आहे. पण सफरचंदे वाचली. मित्रांनो, भीतीलाच आदर समजून जे झाड तुम्ही सोडून देता, ते तुमच्या डोळ्यांदेखत मरत असते. माझ्यासमोर टोपी काढून पुढे जाऊ नका. थांबा, आणि फांदी धरा.